ऑपरेशननंतरचे तीन महिने

नवऱ्याने ऑपरेशन करून घ्यायचं, हे आमच्या घरात चहा पिता पिता ठरलं. मी चाळिशीला आले होते. मुलगी आठवीत होती. तांबी बसवली तेव्हा दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं की बँकेत काउंटरवर बसवेना. गोळ्या घेतल्या तर रक्तदाब वाढला. दुसरं मूल आम्हाला दोघांनाही नको होतं आणि त्याबद्दल मला कधी वाईटही वाटलं नाही. तेव्हा नवरा म्हणाला, "तू पुष्कळ केलंस. आता माझी पाळी." हे त्याचं मोठेपण, आणि ते मी आजही कबूल करते. पुढचं सगळं सांगताना हे विसरायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

बदलीवर कोलकात्यात येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. माझी शाखा एस्प्लनेडला, त्याचं ऑफिस बराकपूरला. मी मेट्रोने जायची, तो सियालदहहून लोकल पकडायचा, तीही उलट्या दिशेची, त्यामुळे बसायला जागा मिळते म्हणून खूश असायचा. सासूबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांना बंगाली येत नव्हतं, पण बाजारात मासेवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी त्या मराठीच्या थाटातलं हिंदी बोलायच्या आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

ऑपरेशन ठरवणं सोपं होतं. करणारा डॉक्टर सापडेना. बायकांचं करणारे गल्लोगल्ली. पुरुषाचं म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसायचा. एका खाजगी हॉस्पिटलातल्या डॉक्टरने तर माझ्याकडे बघत त्याला सांगितलं, "मॅडमचं करून टाका ना, आमच्याकडे पॅकेज आहे." मी म्हटलं, "मॅडमचं पुष्कळ झालंय." शेवटी एका सरकारी हॉस्पिटलात सोय झाली. बाहेरच्या बाकावर झाडून सगळ्या बायका. नवरा आत शिरला तेव्हा सिस्टरने त्याला विचारलं, पेशंट कुठे आहे?

त्या दिवशी माझ्या शाखेत ऑडिट होतं, म्हणून सासूबाई बरोबर गेल्या. आधी चार दिवस त्या फुरंगटून बसल्या होत्या. "माझ्याच मुलाला का?" असं एकदा म्हणाल्याही. पण ऐन वेळी डबा, पाण्याची बाटली आणि एक जुनं मऊ धोतर पिशवीत घालून निघाल्या. धोतर कशाला, हे आम्ही विचारलं नाही. दुपारपर्यंत दोघं घरी परत. संध्याकाळी तो सोफ्यावर आडवा पडून क्रिकेट बघत होता. इतकं साधं काम, आणि आख्ख्या जगात ते बायकांच्याच गळ्यात का पडतं, याचा मला त्या संध्याकाळी भयंकर राग आला होता.

हे झालं श्रावणाच्या सुरुवातीला. भाद्रपदात आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. गणेशोत्सव म्हटला की व्याख्यान आलंच. यंदा एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं, विषय होता जगाची वाढती लोकसंख्या. पडद्यावर जगाच्या माणसांचा आकडा होता आणि तो आमच्या डोळ्यांदेखत भराभर वाढत होता. मुलं टाळ्या पिटत ते बघत होती. प्राध्यापक चांगलं बोलले. आकडा बायकांच्या पोटात वाढतो, पण तो आवरायचा निर्णय मात्र बायकांच्या हातात नसतो, असं ते म्हणाले, तेव्हा मी मनापासून मान डोलावली.

मग आमचे अध्यक्ष आभार मानायला उठले. ते इथेच जन्मलेले, सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "जगाची वाढते आहे हे खरं, पण आपल्या मंडळाची घटते आहे, त्याचं काय? यंदा बालनाट्यात मावळे कमी पडले म्हणून पन्नाशीच्या दोघांना मावळे करावं लागलं. तरुण जोडप्यांनी मनावर घ्यावं." सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले, बिचारे. तासभर बोलून पाण्यात गेलं.

आणि तेवढ्यात माझा नवरा उठला. त्याला भाषणाची हौस आहे, हे मला ठाऊक होतं, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "अध्यक्षांची माफी मागून सांगतो, मी सुरुवात स्वतःपासून केली आहे. गेल्या महिन्यात ऑपरेशन करून घेतलं. माझं. पुरुषांनी पुढे यायला हवं." मग प्राध्यापकांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळं सभागृह सामील झालं. बायका वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. प्रसादाच्या रांगेत एक काकू माझा हात दाबून म्हणाल्या, "भाग्यवान आहेस हो." मला लाज वाटत होती आणि अभिमानही. नाही म्हणत नाही.

टाळ्या त्याला चढल्या. ऑपरेशननंतर तीन महिने जपायचं असतं, तोवर दुसरं साधन वापरायचं असतं आणि मग तपासणी करून खात्री करून घ्यायची असते, हे त्याला हॉस्पिटलात सांगितलेलं होतं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, "ते अडाणी लोकांसाठी जास्तीचं सांगतात गं. महिना झाला, पुष्कळ झालं. नळ बंद केला की बंद." शिवाय ज्याच्यासाठी भर सभेत टाळ्या वाजल्या, त्याने पुन्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन तेच पाकीट मागायचं, हे त्याला पटेना. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. इंजिनिअर माणूस, स्वतःच्या शरीराबद्दल बोलतोय, त्याला कळत असेल असं धरून चालले.

पितृपंधरवड्यात पाळी चुकली. आठवडाभर मी वयावर ढकललं. मग ऑफिसातून येताना पट्टी घेऊन आले. दोन रेघा.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन तसाच बसला. "असं कसं होईल?" म्हणाला.

"असंच होतं," मी म्हटलं. "तीन महिने झाले नव्हते."

"पण असं कसं होईल?"

मग बराच वेळ तो काहीतरी हिशेब करत राहिला, तोंडातल्या तोंडात. शेवटी माझ्याजवळ येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

मी तसं काही विचारलंच नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं की यात विश्वासाचा काही प्रश्न असू शकतो. त्याने उत्तर दिलं म्हणून मला प्रश्न कळला. त्या संध्याकाळपासून मला एकच गोष्ट हवी होती: या माणसाने माझं खरं मानावं, आतून, शब्दांत नाही. पोटातल्याचं काय ते मी बघून घेतलं असतं. बघून घेतलंही.

पण तेही सोपं नव्हतं. दुर्गापूजा तोंडावर आली होती. पूजेच्या आधीच्या आठवड्यात कोलकात्यात काही करून घ्यायचं म्हणजे वेडेपणा. आमच्या जवळच्या क्लिनिकातल्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "पूजोर पोरे आशुन." पूजेनंतर या. येताना नवऱ्याची सही आणा. मी म्हटलं, सही कशाला, मी सज्ञान आहे. ती म्हणाली, आमच्या इथे लागते. पूजेनंतर म्हणजे कोजागिरीची लक्ष्मीपूजा आटपली की, डॉक्टरीणबाई डोंगरावरच्या सुट्टीहून परत आल्यावर. गोळ्यांनी भागायचं तर वेळ हातात थोडा असतो, हे मला माहीत होतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर तो माणूस असा बघायला लागला की मी डोकेदुखीची गोळी घेऊन परतले. बँकेत मी लोकांना मोठमोठी कर्जं मंजूर करते. आणि इथे एका गोळीसाठी मला शहरभर तोंड लपवत फिरायला लागत होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर मंडप उभे राहत होते आणि मला बांबू दिसला की चीड यायची.

त्यातच रविवारी मंडळाचा भोंडला आला. मी जाणार नव्हते, पण मुलीला हौस आणि सासूबाईंना गाणी येतात म्हणून त्यांना मान. पाटावर हत्ती काढला, फेर झाला. मग खिरापत ओळखायची वेळ. एकेक डबा वाजवायचा आणि मुलींनी ओळखायचं. करंज्या, मसालेभात, संदेश, सगळं ओळखून झालं. शेवटचा डबा मंडळातल्या एका नव्या सुनेचा. ती बंगाली, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की खिरापत कुणालाच ओळखता येऊ नये अशी आणायची, गोड-तिखट काहीही चालतं. कुणालाच ओळखता आली नाही. तिने हसत झाकण उघडलं. आत माशांचे तळलेले चॉप.

नवरात्रात, पाटावरच्या हत्तीसमोर, मासे! ज्येष्ठ बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. बिचारीला काय चुकलं तेच कळेना, तिच्या घरी तर पूजेत माशाशिवाय पान हलत नाही. एरवी मीच सगळ्यांत आधी हात पुढे केला असता. इलिश काट्यांसकट खाणारी बाई म्हणून माझी मंडळात ख्याती होती. पण तो वास आला आणि मी पदर तोंडाला लावून बेसिनकडे धावले.

मागोमाग एक काकू आल्या, व्याख्यानाच्या दिवशी मला भाग्यवान म्हणाल्या होत्या त्याच. पाठीवरून हात फिरवत, खुशीत, जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "काय गं, गोड बातमी की काय?"

आणि मग त्यांचा हात माझ्या पाठीवर थांबला. त्यांना आठवलं. मागे दारात उभ्या असलेल्या दोघीतिघींनाही आठवलं. काकूंनी हात काढून घेतला, नळ चालू केला आणि म्हणाल्या, "पित्त असेल. चूळ भर." बाहेर आले तर मुली चॉप खात होत्या आणि बायका एकमेकींशी अगदी हळू बोलत होत्या. टाळ्या वाजवणारे हेच हात, असं मनात आलं. काय बोलायचं त्यांच्याशी? तीन महिन्यांचं प्रकरण भोंडल्यात उभं राहून समजावून सांगायचं? ते सांगायचं काम माझं नव्हतंच. सभेत उठून पहिलं वाक्य बोलणाऱ्यानेच दुसरंही बोलायला हवं होतं.

घरी आल्यावर मुलगी खेळायला गेली. सासूबाईंनी दार लोटलं आणि सरळ विचारलं, "दिवस गेलेत का तुला?"

"हो, आई."

सासू-सुनेचं आमचं बरं होतं, पण बरं म्हणजे किती बरं, याची परीक्षा कधी झाली नव्हती.

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"विश्वास आहे म्हणाला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "विश्वास कशाला मधे आणतोय मेला! त्या दवाखान्यात मी बाकावर बसले होते ना. ती सिस्टर बजावून सांगत होती, तीन महिने सांभाळा, मग तपासून घ्या. हा मान हलवत होता. नळ बंद केला तरी पाइपात राहिलेलं पाणी येतंच की. कसला इंजिनिअर?"

मला रडूच फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, ती त्यांची पद्धत नाही. म्हणाल्या, "ठेवायचंय का तुला?"

"नाही."

"मग डॉक्टर शोध. मी येते." एवढं बोलून भाजी निवडायला बसल्या.

रात्री जेवताना त्यांनी मुलालाही सुनावलं. तो म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. मी कुठे काही म्हटलंय?" खरंच तो काही म्हणत नव्हता. माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड वागत होता. पाणी आणून देत होता. सोमवारी त्याला मंडळातल्या एका मित्राचा फोन आला, तो त्याने गॅलरीत जाऊन घेतला आणि आत आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवला. मी विचारलं, कोण होतं? म्हणाला, "काही नाही, नेहमीची थट्टा." मी म्हटलं, "मग सांगून टाक ना त्याला काय झालं ते." तो म्हणाला, "असं कसं सांगणार फोनवर?" सभेत माइकवर सांगता येतं, फोनवर येत नाही.

डॉक्टर शेवटी मिळाल्या बागबाजारात. माझ्या शाखेतल्या एका बंगाली मैत्रिणीने पत्ता दिला. तिने कारण विचारलं नाही. पंचमीच्या सकाळी सासूबाई आणि मी निघालो. नवऱ्याला म्हटलं होतं, चल. तो म्हणाला, बराकपूरला अर्जंट काम आलंय, आई आहे ना बरोबर. बागबाजारात मोठ्या मंडपाची रांग सकाळपासून लागलेली. त्या गर्दीतून सासूबाई माझं मनगट धरून वाट काढत होत्या.

डॉक्टर सत्तरीच्या असतील. जुनं घर, खालच्या खोलीत दवाखाना. महाराष्ट्रातली म्हटल्यावर चष्म्यावरून बघत हिंदीत म्हणाल्या, "तुमच्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने एके काळी इथे शहराभोवती खंदक खणला होता. आणि तुम्ही आमच्याकडे औषधाला येता." मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साधन कोणतं वापरत होतात?

इथे खोटं बोलणं सोपं होतं. तांबी सरकली म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझा हट्ट होता. म्हटलं, "नवऱ्याचं ऑपरेशन झालंय."

त्यांनी पेन थांबवलं. मी ती नजर ओळखायला शिकले होते. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "कधी?" मी सांगितलं. "तपासणी केली होती?" नाही. "मग काय," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "दर वर्षी एखादी येतेच अशी. सोबत कोण आहे?"

"सासूबाई."

"नवरा?"

"ऑफिसात काम आहे."

त्यांनी सही फक्त माझी घेतली. दुसऱ्या कुणाची लागत नाही, म्हणाल्या, क्लिनिकवाले उगाच मागतात. त्याच गल्लीत सोनोग्राफी झाली. पहिली गोळी तिथेच घेतली, पुढच्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या होत्या. कळा कशा येतील, किती रक्त जाईल, कधी घाबरायचं आणि कधी नाही, सगळं त्यांनी सासूबाईंना समोर बसवून समजावलं. बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चांगली बाई आहे." आणि आम्ही टॅक्सी शोधायला लागलो.

सप्तमीला सकाळी मी बाकीच्या गोळ्या घेतल्या. मुलगी मैत्रिणींबरोबर मंडप बघायला गेली होती. नवरा तासाभरात येतो म्हणून बाहेर पडला. बाहेर ढाक वाजत होता. कळा आल्या, बाळंतपणासारख्या नाहीत, पण सहज सोसवतील अशाही नाहीत. सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली, मऊ भात आणि तूप भरवलं. दुपारपर्यंत मुख्य काय ते होऊन गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं पोकळही वाटलं. दोन्ही खरं आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

तेवढ्यात नवरा आला. गर्दीतून आल्यामुळे शर्ट घामाने चिकटलेला, हातात संदेशचा मोठा खोका. चेहरा असा उजळलेला की मुलगी झाली त्या दिवशीच मी तसा पाहिला होता. तो पलंगाच्या काठावर बसला आणि म्हणाला, "अगं, अजून आहेत!"

मला समजलं नाही. "काय अजून आहेत?"

"शुक्राणू. लॅबमधून रिपोर्ट घेऊनच आलो. भरपूर आहेत, म्हणाला तो. म्हणजे आपलंच होतं ते. माझंच." त्याचे डोळे भरून आले होते. "आता बोलू दे कुणाला बोलायचं ते. मंडळात जाऊन सांगतो सगळ्यांना, तपासणीसकट."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

"तपासायला कधी दिलं होतंस?" मी विचारलं.

"पंचमीला. सकाळी." मग आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. "लोकांसाठी गं. माझा विश्वास होताच."

आठ-दहा दिवस हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता, पाणी आणून देत होता, आणि त्याच्या छातीवरचं ओझं आज, आत्ता, या खोलीत उतरत होतं. ओझं होतं म्हणूनच उतरत होतं. त्याचा आनंद खोटा नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

त्याने खोका उघडून माझ्यापुढे धरला. "घे ना. तुला आनंद नाही झाला?"

"मला कशाचा व्हायचा?" मी म्हटलं. "मला माहीतच होतं."

तो खोका हातात धरून तसाच बसून राहिला. मी पुन्हा भिंतीकडे वळले.